समुद्राकडची खोली

१

रविवार हा माझा सुट्टीचा वार. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रंगद्रव्यांच्या एका कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. दाब, तापमान, टाकीतली पातळी दाखवणारे काटे खरं बोलतात की खोटं, हे बघणं माझं काम. काटा हलला की त्याला कारण असतं. कारण सापडलं नाही तर ते अजून सापडलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. इतकी वर्षं मी हेच धरून चाललो.

माझी बायको उत्कर्षा. आम्ही दोघंही मूळचे साताऱ्याचे. तिनं चित्रकला शिक्षकाचा कोर्स केलेला. इथल्या एका शाळेत तिनं काही वर्षं शिकवलं, मग सोडलं. का सोडलं ते आता मला सांगता येत नाही. पण चित्रांची ओढ तिची गेली नाही, म्हणून पालघरजवळच्या माहीमच्या पुढे एका जुन्या बंगल्यात चित्रांचं संग्रहालय निघालंय हे कळल्यावर ती हट्टानं मला घेऊन गेली. मग ते ठरूनच गेलं. रविवारी जेवण लवकर उरकायचं, मोटारसायकल काढायची, उमरोळी, पालघर करत माहीमचा रस्ता धरायचा. पानमळे लागले की हवा बदलते. सुरूच्या झाडांमागे समुद्र दिसायच्या आधी त्याचा वास येतो. तिथं डावीकडे तो बंगला.

कुणा लाकडाच्या व्यापाऱ्यानं शंभरेक वर्षांपूर्वी बांधलेला. सागवानी जिना, रंगीत काचांच्या खिडक्या, खाली फुलाफुलांच्या फरश्या आणि माडीला फळ्यांची जमीन. त्याच्या पणतूनं, जितेश त्याचं नाव, भिंती पांढऱ्याफेक करून घेतल्या आणि त्यावर आजकालची चित्रं टांगली. खाली तीन दालनं, वर दोन. माणसं फार येत नसत. फाटकाशी नवशाकाका बसलेले असायचे. गावातलेच, वय झालेलं, पण हात अजून जाळं ओढणाऱ्याचे. आम्ही दर रविवारी जायचो आणि ते दर रविवारी विचारायचे, "कुटून आलात?"

"बोईसर," मी म्हणायचो.

"बरा हाय," ते म्हणायचे. "चपला इथं काडा."

मला त्या चित्रांतलं काही कळत नसे. मी खालची दालनं एकदा फिरून यायचो आणि मधल्या खोलीतल्या बाकावर बसायचो. पंख्याखाली गारवा असायचा. उत्कर्षा वर जायची. वरच्या दोन दालनांतलं मागचं, समुद्राच्या बाजूचं, तिला आवडायचं. तिथं एकच चित्र होतं.

२

त्या दिवशी बाकावर मला डुलकी लागली असावी. जाग आली ती तिच्या आवाजानं. माझ्या बरोबर डोक्यावर ती बोलत होती. शब्द कळत नव्हते, चाल कळत होती. काहीतरी घडलेलं रंगवून सांगताना तिचा आवाज आधी खाली जातो, मग एकदम वर चढतो. मध्येच ती थांबायची. समोरच्यानं "मग?" म्हणावं आणि आपण पुढे बोलावं, तेवढंच थांबणं. मग हसली. तसं हसताना मी तिला बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

कुणीतरी ओळखीचं भेटलं असेल, असं मी मनात म्हटलं. फळ्या कुरकुरल्या. ती जिथून बोलत होती तिथल्या नव्हेत. चार हात पलीकडच्या, भिंतीजवळच्या. कुणी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यावा, तशा.

मी वर गेलो.

ती एकटी होती. खोलीच्या मधोमध लांब बाक, बाकावर ती, समोर चित्र. खिडकीच्या लाल-हिरव्या काचांतून ऊन फळ्यांवर पडलेलं. त्या खोलीला दार एकच, ज्यातून मी आलो ते.

"कुणाशी बोलत होतीस?"

तिनं मागे वळून पाहिलं. गाल लाल झाले होते. "कुणाशी? चित्र बघत होते."

मग मीही चित्राकडे पाहिलं. माणसाहून उंच, दाराहून रुंद. ओल्या वाळूचा रंग, त्यावर राखाडी, त्यावर पुन्हा वाळूचाच थर. मध्यापासून जरा डावीकडे एक गडद जागा. डोकं म्हणावं तर डोकं नव्हे, खांदा म्हणावा तर खांदा नव्हे. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, शीर्षक नाही.

"यात काय बघायचं असतं?" मी विचारलं.

"बघायचं काही नसतं," ती म्हणाली आणि पदर सावरत उठली. एखाद्याच्या घरून निघावं तशी. दारातून जाताना तिनं मागे वळून पाहिलं. माझ्याकडे नाही.

परतीच्या वाटेवर मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "स्वतःशी पुटपुटले असेन." माणूस स्वतःशी बोलतो, पण स्वतःचं उत्तर यायची वाट बघत थांबत नाही. हे मी तिला बोललो नाही. मनात मात्र जितेश आला. तिशीचा, दाढी राखलेला, हळू आवाजात बोलणारा. पहिल्याच दिवशी तो उत्कर्षाला म्हणाला होता, "तुमच्यासारखं थांबून बघणारं कुणी येतच नाही." तेव्हा मी शेजारी उभा होतो. माझ्याकडे त्यानं बघितलंही नव्हतं.

३

पुढच्या रविवारी मी डुलकी लागू दिली नाही. उत्कर्षाच्या साडीला खिसा नसतो, म्हणून तिनं फोन माझ्याकडे दिला आणि ती वर गेली. मी बाकावर न बसता जिन्यापाशीच रेंगाळलो. जो कुणी वर जाईल तो मला ओलांडून जाणार होता.

थोड्या वेळात ती बोलू लागली. मी जिन्याच्या कठड्याला धरून ऐकत होतो. या वेळी शब्दही येत होते. अजिंक्यतारा, असं ऐकू आलं. मग माझं नाव.

ती आमची गोष्ट सांगत होती. आम्ही कॉलेजात असताना अजिंक्यताऱ्यावर गेलो होतो, मित्रमैत्रिणींबरोबर. उतरताना तिची चप्पल तुटली. मी माझे बूट काढून तिला दिले आणि मोज्यांवर चालत खाली आलो. तोवर ती मला "अहो सुजित" म्हणायची. खाली पायथ्याशी पोचल्यावर माझ्या फाटक्या मोज्यांकडे बघून ती म्हणाली, "तू वेडा आहेस." पहिल्यांदा तू म्हणाली. ती गोष्ट आमच्या दोघांची होती. आम्ही ती कधी कुणाला सांगितली नव्हती. आणि आता ती वर बसून ती कुणाला तरी सांगत होती, माझ्या मोज्यांवर हसत होती.

जितेश वर आहे, आधीच जाऊन बसलाय, असं मनाशी म्हणत मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"काही हवंय का?" मागून आवाज आला.

जितेश. हातात ओलं फडकं, एका चौकटीची काच पुसत खालच्या दालनातून बाहेर आलेला.

मी त्याच्याकडे बघत राहिलो. वरून उत्कर्षा म्हणाली, "आणि मग माहितीये का..." आणि थांबली. भिंतीजवळची फळी कुरकुरली. मग ती पुढे बोलू लागली.

जितेशनं वर पाहिलं आणि हसला. "मॅडम फोनवर आहेत वाटतं."

मी हो म्हणालो. तिचा फोन माझ्या खिशात होता.

४

सोमवारी मला पहिली पाळी होती. सकाळी स्वयंपाकघरातून उत्कर्षानं विचारलं, "चहा आत्ता घेणार का तुम्ही?"

मला वाटलं चेष्टा करतेय. "काय हुकूम बाईसाहेब," मी म्हणालो. ती गोंधळून बघत राहिली. संध्याकाळी पुन्हा तेच. तुम्ही आलात. तुम्ही हातपाय धुवा. दुसऱ्या दिवशीही. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या आईसमोर तेवढं ती अहो-जाहो करते, एरवी कधी नाही.

"तू मला तुम्ही का म्हणतेयस?"

"मग काय म्हणू?" तिनं साधेपणानं विचारलं.

"अजिंक्यताऱ्यावर तू काय म्हणाली होतीस?"

"अजिंक्यताऱ्यावर आपण कधी गेलो?"

तिच्या चेहऱ्यावर लपवाछपवी नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं. तिथं कोरी पाटी होती. मी चप्पल सांगितली, बूट सांगितले, मोजे सांगितले. ती ऐकत होती, दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तशी. शेवटी म्हणाली, "छान आहे," आणि भाजी ढवळायला वळली.

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं. बी बारा कमी निघालं. इंजेक्शनं सुरू केली, झोप नीट घ्या म्हणाले. कारण सापडलं म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला. झोप तर तिला आधीपेक्षा चांगली लागत होती. ती दिसायलाही चांगली दिसत होती. कपाळावरची आठी गेली होती, काम करताना गुणगुणायची. वडील गेले तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी ती जेवायची नाही. त्या वर्षी मी घरी आलो तर पोटभर जेवून वाचत बसलेली.

मला तिच्या विसरण्याचा राग आला नाही. राग आला तो तिच्या समाधानाचा. ते समाधान माझ्याकडून आलेलं नव्हतं. दर रविवारी ते तिला कुणीतरी देत होतं, आणि त्याच्या बदल्यात माझं काहीतरी घेऊन जात होतं.

५

मी रविवारी ओव्हरटाइम मागून घ्यायला लागलो. म्हटलं, मी नसलो की जाणं बंद होईल. तर ती मधल्या वारी एकटी जाऊ लागली. बोईसरहून पालघर, तिथून रिक्षा. मला ते तिच्या चपलांना लागलेल्या वाळूवरून कळलं. आमच्या इमारतीच्या आवारात तसली बारीक वाळू नाही.

"नको जाऊस तिकडे," मी म्हणालो.

"का?"

"काय आहे तिथे?" मी उलट विचारलं.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "तिथं बसलं की बरं वाटतं. ऐकल्यासारखं वाटतं कुणीतरी."

"मी ऐकत नाही का तुझं?"

"ऐकता ना." ती जरा थांबली. "पण तुम्ही माझं कधी संपतंय याची वाट बघत असता. तिथं तसं नाही."

ती हे भांडून म्हणाली असती तर मीही भांडलो असतो. ती प्रेमानं म्हणाली. माझ्यावरच्या नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कारखान्यातून घरी फोन केला. उचलला नाही. मोबाईल केला, तोही नाही. साहेबांना पोट बिघडल्याचं सांगितलं आणि गाडी काढली. पालघरच्या रेल्वे फाटकापर्यंत मी स्वतःला समजावत होतो, की एका भिंतीवरच्या रंगाचा मत्सर करणारा माणूस आधी स्वतःचं बी बारा तपासतो. पुढे समजावणं थांबलं.

फाटकाशी नवशाकाका होते. "कुटून आलात?"

"काका, माझी बायको आलीय ना?"

"बाई वर हाय." त्यांनी मला बसायला दगड दाखवला, मी बसलो नाही. ते समुद्राकडे बघत राहिले. भरती होती, सुरूच्या खोडांमधून पाणी चमकत होतं. "आज बोटी लवकर आल्या," ते म्हणाले.

"तुम्ही जायचात ना मासेमारीला?" मी चपला काढता काढता काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"पोरगा म्हनतो जायचो. माजी सोताची होडी होती म्हनतो." ते हसले. तोंडात दात थोडे होते, हसू अगदी स्वच्छ होतं. "आमाला काय आटवत नाय. दुपारचा ऊन लागला का आमी वर जाऊन बसायचो, गारवा असते तिथं."

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग जिना चढलो.

६

ती बोलत नव्हती. बोलून झालं होतं. बाकावर हात मांडीत घेऊन ती बसली होती, आणि गाल ओले होते, पण चेहरा शांत होता. मोठं ओझं खाली ठेवल्यावर माणूस जसा काही वेळ नुसता बसतो, तशी.

"चल," मी तिच्या दंडाला धरलं.

"थांबा ना जरा."

"खाली जा, उत्कर्षा. माझ्यासाठी जा. मी आलोच."

ती उठली. जाताना पुन्हा तिनं मागे वळून पाहिलं, पुन्हा माझ्याकडे नाही. तिची पावलं जिन्यावरून खाली गेली. मी चित्राकडे तोंड करून उभा राहिलो.

वाळूचा रंग, राखाडी, वाळू. डावीकडची गडद जागा. मी जवळ जाऊन पाहिलं. कापड, रंगाचे पोपडे, एका कोपऱ्यात ब्रशचा अडकलेला केस. मागे भिंत. चौकट जरा पुढे ओढून मी मागेही पाहिलं. जळमट होतं.

"ती माझी बायको आहे," मी म्हणालो. माझा आवाज त्या खोलीत फार मोठा वाटला आणि मला लाज वाटली. मी बाकावर बसलो. "तुला काय माहीत आहे तिच्याबद्दल? चार गोष्टी ऐकल्यास तू. मी तिच्यासोबत राहतो."

भिंतीजवळची फळी कुरकुरली. लाकूड आहे, मी म्हटलं. समुद्राची हवा, दुपारचं ऊन, लाकूड फुगतं, आकसतं. खिडकीबाहेर सुरूचे शेंडे वाजत होते. मग तेही वाजायचे थांबले, म्हणजे मला ऐकू यायचे थांबले. खोलीत एक शांतता झाली. रिकामी नव्हे. आपण बोलताना समोरचा माणूस श्वास धरून ऐकतो, तशी.

मला दाखवून द्यायचं होतं. तिनं सांगितलं त्यापेक्षा माझ्याकडे जास्त आहे, मोठं आहे, हे त्याला कळायला हवं होतं. मी बोलायला सुरुवात केली. पहिलं वाक्य मला आठवतं. मी म्हणालो, "तुला सगळ्यात चांगलं सांगतो."

आणि मी सांगितलं. खूप वेळ सांगितलं. मी थांबलो की ते थांबणं कुणीतरी उचलून धरत होतं, आणि मला पुढचं सुचत होतं. मी हसलो. इतकं सविस्तर मी आयुष्यात कुणाशी बोललो नसेन. कुणी मला तसं बोलू दिलंच नव्हतं. आणि केव्हातरी बोलता बोलता मी मान वर केली.

ती गडद जागा डावीकडे नव्हती. ती मध्यावर होती, आणि पुढे झुकलेली होती. ऐकताना नीट ऐकू यावं म्हणून म्हातारी माणसं बरा कान आपल्याकडे करतात. ती जागा तशी वळत होती.

खांद्यावर हात पडला. उत्कर्षाचा. बाहेर सुरूचे शेंडे पुन्हा वाजायला लागले. खिडकीच्या काचांतलं रंगीत ऊन मी आलो तेव्हा फळ्यांवर होतं, ते आता समोरच्या भिंतीवर चढलं होतं. चित्र होतं तसं होतं.

७

ती मागे बसली, पण तिनं मला धरलं नाही. एरवी तिचा एक हात माझ्या खांद्यावर असतो. आज तिनं सीटमागची दांडी धरली होती. पानमळे गेले, पालघरचं फाटक गेलं. मला हलकं वाटत होतं. ताप उतरल्यावर वाटतं तसं. आणि त्या हलकेपणाची भीती वाटत होती.

उमरोळीच्या पुढे ती एकदम म्हणाली, "कोण आहे ती?"

"कोण?"

"मी जिन्यावर उभी होते. सगळं ऐकलं मी." तिचा आवाज कापत होता. "ती अशी झोपते, ती तशी हसते, तिच्या केसांना कसला वास येतो. इतकं कौतुक. माझ्याबद्दल कधी बोललात तसं? कोण आहे ती?"

मी गाडी कडेला घेतली. मागून ट्रक भोंगे देत गेले. "उत्कर्षा, शपथेवर सांगतो, मी काय बोललो मला माहीत नाही."

"नाव घेत होतात तिचं."

"काय नाव?"

ती माझ्याकडे रागानं बघत राहिली. मग राग जरा विरला, कारण माझ्या चेहऱ्यावर तिला काहीतरी दिसलं असावं. "आत्तापर्यंत लक्षात होतं," ती म्हणाली. "मी तर ओळखत नाही अशा कुणाला."

मी पुन्हा गाडी सुरू केली. मी मनात सगळ्या बायका आठवून पाहिल्या. कारखान्यातल्या, नात्यातल्या, कॉलेजातल्या. एकीच्याही केसांचा वास मला माहीत नव्हता.

इमारतीत शिरलो तेव्हा दिवेलागण होत होती. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या माई दारातच उभ्या होत्या, कडेवर झोपाळलेली एक मुलगी. तीन-चार वर्षांची असेल. दोन शेंड्या, गुडघ्याला चिकटपट्टी.

"अगं किती उशीर," माई उत्कर्षाला म्हणाल्या. "शेवटी शेवटी रडायलाच लागली होती. वरणभात खाल्लाय तिनं. घ्या बाई तुमची लेक."

मुलीनं डोळे उघडले. आम्हाला बघून तिचा सगळा चेहरा उजळला. माईंच्या कडेवरून ती घसरली आणि धावत येऊन तिनं माझ्या पायांना मिठी मारली. "बाबा."

मी उत्कर्षाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. तिला आशा होती की मला माहीत असेल. मला तीच आशा तिच्याकडून होती.

"रिद्धी, दमलेत गं ते," माई म्हणाल्या. "आधी घरात तर जाऊ दे."

मी खाली वाकलो आणि त्या मुलीला उचललं. उचलायला हवंच होतं. तिनं माझ्या मानेशी डोकं टेकवलं, आणि तिच्या केसांचा वास आला.

८

घरभर तिच्या वस्तू होत्या. बाथरूमच्या दांडीवर छोटा टॉवेल, फ्रिजवर मेणखडूनं काढलेली चित्रं, पलंगाखाली एक पायमोजा. त्याच सकाळी मी तिच्या डब्यात पोळीचा रोल भरला असेल. आम्ही दोघंच रविवारी फिरायला जायचो, असं जे मी सुरुवातीला सांगितलं, ते मला तसंच आठवतं. माई म्हणतात, रिद्धी तेव्हा त्यांच्याकडे असायची.

त्यानंतर मी तिकडे गेलो नाही. उत्कर्षानंही शपथ घेतली. फोनमध्ये शेकडो फोटो आहेत, चित्रफिती आहेत. मुलगी झोपली की आम्ही ते बघत बसायचो, परीक्षेचा अभ्यास करावा तसे. एका फोटोत मी दवाखान्याच्या खुर्चीत बसलोय, हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी आहे, आणि मी त्याच्याकडे बघतोय. त्या माणसाच्या चेहऱ्याकडे मला फार वेळ बघवत नाही. जितेशचा मी मत्सर केला, रंगाच्या थरांचा केला. पण त्या खुर्चीतल्या माणसाचा करतो तसा कुणाचाच नाही.

मुलगी गोड आहे. मला ती आवडायला लागलीय. पण आवडायला लागणं वेगळं.

तिचा एक हट्ट असतो. झोपताना म्हणते, "मी बाळ होते तेव्हाचं सांग." मी फोटोतलं सांगतो. तू लाल टोपी घालायचीस. तू केक हातानं कुस्करला होतास. तिला फोटो पाठ आहेत. ती म्हणते, "हे नको, दुसरं."

काल संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत होतो. आत उत्कर्षा तिला सांगत होती, "तुला आंघोळ मुळीच आवडायची नाही. डोक्यावर पाणी पडलं की तू श्वासच धरून ठेवायचीस, निळी व्हायचीस. मग बाबा दाराशी उभे राहून शिट्टी वाजवायचे. शिट्टी ऐकली की तू हसायचीस आणि श्वास सोडायचीस."

रिद्धी खूश झाली. "हो! बाबांची शिट्टी!"

असला फोटो नाही. चित्रफीतही नाही, मी सगळ्या पाहिल्यात. रचून सांगितलं असेल, मी मनाशी म्हटलं. पोरीसाठी आई काहीही रचते. मला शिट्टी वाजवता येत नाही, मला एवढं तरी माहीत आहे. तरी मी तिथं बसल्या बसल्या ओठांचा चंबू केला आणि फुंकर घातली.

शिट्टी निघाली. स्वच्छ, लांबवर जाणारी. कुठलीशी चाल होती, मी ती कधी ऐकलेली नाही. माझे ओठ ती वाजवत होते. आतून रिद्धी खुदकन हसली आणि मोठा श्वास सोडल्याचा तिनं आवाज केला.

म्हणजे ते खरं होतं. आणि ज्या दिवशी ते माझ्याकडून गेलं, त्याच दिवशी ते उत्कर्षाकडूनही गेलेलं होतं. ते परत ऐकायला मिळेल अशी जागा एकच आहे. तिथं काही सांगितल्याशिवाय काही मिळत असेल, असं मला वाटत नाही.

मी आत गेलो. उत्कर्षा रिद्धीच्या केसांतून हात फिरवत होती. तिच्या डोळ्यांत त्या मुलीविषयी सगळं काही होतं, पहिल्या दिवसापासूनचं. मी दारात उभा राहून ते बघत होतो, आणि एवढा हेवा मला कधी वाटला नव्हता. विचारावं असं वाटलं, काय सांगून आलीस? कुणाबद्दल?

माझी चाहूल लागली तशी ती चटकन उठली. पदर नीट केला, खुर्चीवरचे कपडे उचलून जागा करून दिली. "बसा ना," म्हणाली. थोड्या वेळानं तिनं चहा आणला, काचेच्या कपाटातल्या निळ्या कपबशीत. ती कपबशी आम्ही पाहुण्यांसाठी ठेवतो.

"साखर चालते ना तुम्हाला?" तिनं विचारलं.